उगम कुठला, घर कुठलं: झोगचेनच्या वादाबद्दल

तिबेटी साधनापरंपरांविषयी बोलणं निघालं की झोगचेनपाशी येऊन गाडी हमखास अडते. एक जण म्हणतो, हा तर तिबेटी वेषातला वेदान्त. दुसरा म्हणतो, हे चीनमधून आलेलं ध्यान आहे, भारतीय गुरूंची नावं त्याला मागाहून जोडली गेली. तिसरा सांगतो की झोगचेन कुठल्याच धर्माचं नाही, ते चित्ताचं निखळ ज्ञान आहे आणि धर्माची टरफलं काढून टाकली तरी आतला दाणा तसाच राहतो. तिघांची मतं परस्परविरोधी वाटतात, पण तिघांचं गृहीतक एकच आहे: एखाद्या विचाराचा उगम सापडला की तो कुणाचा, हेही ठरलं. मला हे गृहीतकच मान्य नाही. माझ्या मते झोगचेन बौद्ध परंपरेचं आहे, आणि काठावरचं नव्हे, गाभ्यातलं आहे. त्याचं कारण उड्डियान देशातल्या, पहिला गुरू मानल्या जाणाऱ्या गरब दोर्जेपासूनची गुरुमालिका नाही. गेली हजारभर वर्षं झोगचेन बौद्ध प्रश्नांशी झुंजत, बौद्ध आक्षेपांना उत्तरं देत आणि बौद्ध शिस्तीत राहून जगत आलं, हे त्याचं कारण आहे.

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झोगचेन, म्हणजेच महासंधी किंवा अतियोग, ही तिबेटच्या ञिङमा संप्रदायाने मानलेल्या नऊ यानांपैकी, म्हणजे मार्गांपैकी, सर्वोच्च. तिचा दावा असा की आपलं नेहमीचं विचार करणारं, धरणारं-सोडणारं चित्त वेगळं आणि त्या चित्ताचं स्वरूप असलेली जाण, जिला तिबेटीत रिग्पा म्हणतात, ती वेगळी. ही जाण घडवायची नसते, कमवायची नसते. ती मुळातच शुद्ध आहे. गुरू शिष्याला तिची थेट ओळख करून देतो, शिष्य त्या ओळखीविषयी निःशंक होतो आणि मग तिच्यातच राहायला शिकतो. बाकी साधना आहेत, ध्यानाच्या अत्यंत बारीक पद्धती आहेत, पण कणा हा.

आता विरोधकांचा पहिला मुद्दा घेऊ, इतिहासाचा. तो भक्कम आहे. झोगचेनच्या मुख्य तंत्रग्रंथांच्या संस्कृत मूळ प्रती आज हाती नाहीत. गरब दोर्जे, मंजुश्रीमित्र, श्रीसिंह, विमलमित्र ही मालिका श्रद्धेने सांगितली जाते, पण पहिल्या पुरुषाच्या ऐतिहासिकतेचा स्वतंत्र पुरावा नाही. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेल्या जुन्या तिबेटी हस्तलिखितांत झोगचेनच्या अगदी लहान, काही ओळींच्या रचना मिळतात. नंतरच्या शतकांतली विस्तृत तंत्रं तिथे दिसत नाहीत. मोठा भाग 'तेर्मा' म्हणून, म्हणजे पूर्वी दडवून ठेवलेला आणि योग्य वेळी सापडलेला ठेवा म्हणून, पुढे आला. शंका घेणारे आजचे संशोधकच आहेत असंही नाही. पश्चिम तिबेटमधल्या गुगेचा राजभिक्षू येशे-ओ याने दहाव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या आज्ञापत्रात झोगचेनच्या नावाखाली चाललेल्या आचारांवर कडक टीका केली. त्याच घराण्यातल्या झिवा-ओ याने 1092 मध्ये अप्रमाण ग्रंथांची यादीच जाहीर केली आणि तीत झोगचेनचे ग्रंथ होते. पुढे बुतोनसारख्या महापंडिताने कांग्यूर या तिबेटी बुद्धवचन-संग्रहाची मांडणी करताना ञिङमांची बहुतेक तंत्रं बाहेर ठेवली. घरातल्याच माणसांनी इतका संशय घेतला असेल तर तो हसण्यावारी नेता येणार नाही.

पण या पुराव्यातून निघतं काय? झोगचेनचे ग्रंथ शाक्यमुनींच्या तोंडून आले नाहीत, एवढंच. मग महायान सूत्रं तरी कुठे आली? प्रज्ञापारमिता सूत्रं बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर काही शतकांनी दिसू लागतात, आणि 'हे बुद्धवचन नव्हे' हा आक्षेप तेव्हाच्या भिक्षूंनी नेमक्या याच शब्दांत घेतला होता. महायानसूत्रालंकार या ग्रंथात त्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी वेगळं प्रकरण लिहावं लागलं. आचार्य वसुबंधूंनाही या प्रश्नात शिरावं लागलं. कालक्रमाची फूटपट्टी झोगचेनला लावायची असेल तर ती महायानाचा थोर आचार्य नागार्जुन यालाही लावावी लागेल, आणि नागार्जुनाला वगळून उरलेल्या बौद्ध धर्मात तिबेट, चीन, जपान, कोरिया यांपैकी काहीच राहणार नाही. खुद्द पाली अंगुत्तर निकायात 'यं किञ्चि सुभासितं, सब्बं तं तस्स भगवतो वचनं' असं वाक्य आहे: जे जे सुभाषित ते ते त्या भगवंताचंच वचन. या वाक्याचा आधार घेऊन काहीही खपवता येईल, हा धोका मला दिसतो. म्हणूनच परंपरेने त्याच्या जोडीला कसोट्याही दिल्या. पण त्या कसोट्या आशयाच्या आहेत, जन्मदाखल्याच्या नाहीत.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' असं ज्ञानदेवांच्या नावावरचा अभंग मोकळेपणाने सांगतो. विठ्ठलाच्या मुळाचा शोध आपल्या संशोधकांनी गोपजनांच्या देवापर्यंत, दक्षिणेतल्या स्थळांपर्यंत नेला. त्या शोधाने ज्ञानात मोलाची भर पडली. पण त्यामुळे विठ्ठल वारकऱ्यांचा नाही, असं कुणी म्हणालं का? सात शतकं ज्याच्यासाठी लोक चालत आले, ज्याच्याशी भांडले, ज्याच्यावर रचना केल्या, तो त्यांचा झाला. उगमाचा शोध आणि घराचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला देता येत नाही.

दुसरा मुद्दा चीनचा. आठव्या शतकाच्या शेवटी तिबेटातल्या साम्ये विहारात भारतीय आचार्य कमलशील आणि चिनी भिक्षू मोहेयान यांच्यात, बोधी क्रमाक्रमाने मिळते की एकदम, यावर वाद झाला. तिबेटी वृत्तांतांनुसार मोहेयान हरला आणि त्याला परत जावं लागलं, तर दुनहुआंगमध्ये सापडलेला चिनी वृत्तांत नेमकं उलट सांगतो. तेव्हापासून 'हे तर चिनी भिक्षूचंच मत' हे तिबेटात शिवीसारखं वापरलं गेलं. तेराव्या शतकात आचार्य साक्य पंडितांनी आपल्या काळातल्या, महामुद्रा या दुसऱ्या तिबेटी ध्यानपरंपरेच्या काही शिकवणींना 'चिनी पद्धतीचं झोगचेन' म्हटलं. याचं उत्तर साम्येच्या वादानंतर शंभरेक वर्षांतच लिहून झालं होतं. नुब्छेन संग्ये येशे या ञिङमा आचार्याने आपल्या ध्यानविषयक ग्रंथात क्रमाने जाणारे, चीनचे एकदम जाणारे, महायोगी आणि अतियोगी असे चार वर्ग करून चौघांचा फरक मांडला. चिनी मार्ग त्याने क्रममार्गाच्या वर ठेवला आणि तरीही अतियोगाहून वेगळा व खालचा ठरवला. त्याची वर्गवारी पटो वा न पटो, झोगचेनवाल्यांना हा प्रश्न ठाऊकच नव्हता असं म्हणायला जागा राहत नाही. शिवाय, झोगचेन चिनी ध्यानमार्गातून निघालं असं घटकाभर धरलं, तरी तो ध्यानमार्गही बौद्धच होता.

खरा वाद तिसऱ्या मुद्द्यावर आहे, आणि इथे थांबायला हवं. बुद्धाने अनात्म शिकवलं, म्हणजे कायम टिकणारा आत्मा नाही असं सांगितलं. झोगचेन मात्र मुळातच शुद्ध, न जन्मलेल्या, न बदलणाऱ्या जाणिवेविषयी बोलतं. 'कुन्जे ग्यल्पो' या तंत्रात तर बोधिचित्त, म्हणजे जागं चित्त, प्रथमपुरुषी बोलतं आणि सर्व काही मीच निर्माण केलं असं सांगतं. हे ऐकून उपनिषदं आठवली नाहीत असा भारतीय वाचक विरळा. मराठी वाचकाला 'अमृतानुभवा'तलं अज्ञानखंडन आठवेल, जिथे अज्ञान नावाची वस्तूच सिद्ध होत नाही असं ज्ञानदेव दाखवतात. झोगचेनमध्येही बंधन कधी खरं नव्हतंच, असं म्हटलं जातं. जपानमध्ये 1980 च्या दशकापासून हाकामाया नोरिआकी आणि मात्सुमोतो शिरो या दोन बौद्ध विद्वानांनी तर थेट भूमिका घेतली की तथागतगर्भाचा, म्हणजे प्रत्येकात बुद्धत्व दडलेलं असण्याचा सिद्धान्त, 'सर्वांच्या तळाशी एक मूळ तत्त्व' ही कल्पना, बौद्धच नाही. ती प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे सगळं कारणांवर अवलंबून घडतं या शिकवणीच्या, विरोधात जाते. त्यांचा रोख तिबेटवर नव्हता, पण बाण झोगचेनलाही लागतो. त्यात नैतिक धारही होती: सगळं मुळात परिपूर्णच असेल तर अन्याय्य समाजरचनाही परिपूर्णच ठरते, बदलायचं काय? हा प्रश्न डॉ. आंबेडकरांच्या वाचकाला उडवून लावता येणार नाही.

या मुद्द्याला माझं उत्तर दोन पदरी आहे.

पहिली गोष्ट, ही भाषा बौद्ध धर्मात बाहेरून घुसलेली नाही. 'पभस्सरमिदं भिक्खवे चित्तं', भिक्षूंनो, हे चित्त प्रभास्वर आहे आणि आगंतुक मळांनी मळलेलं आहे, हे अंगुत्तर निकायातलं वचन. 'अत्थि भिक्खवे अजातं अभूतं अकतं असङ्खतं' हे उदानातलं. थेरवादी परंपरा यांचा अर्थ वेगळा लावते, तो तिचा अधिकार. पण अजात आणि प्रभास्वर ही पदं उच्चारली म्हणजे कुणी वेदान्ती झालं असं होत नाही. लंकावतार सूत्रात महामती हा बोधिसत्त्व बुद्धाला आपला आजचाच प्रश्न विचारतो: भगवन्, हा तथागतगर्भ आणि तीर्थिकांचा, म्हणजे बौद्धेतर मतवाद्यांचा, आत्मा यांत फरक काय? उत्तर असं की तथागतगर्भ म्हणजे शून्यता, कशालाच स्वतंत्र स्वभाव नसणं, अनात्मच; अनात्म ऐकून घाबरणाऱ्यांसाठी वेगळ्या शब्दांत सांगितलेलं. प्रश्न जुना आहे, आणि तो बौद्ध ग्रंथातच विचारला गेलाय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साम्यावरून घर ठरत नाही. शंकराचार्यांना त्यांच्या विरोधकांनी 'प्रच्छन्न बौद्ध' म्हटलं. गौडपादकारिकांचं चौथं प्रकरण बौद्ध परिभाषेने इतकं भरलेलं आहे की ते कुणाचं यावर विद्वानांनी पानंच्या पानं खर्ची घातली. साम्य खोटं नव्हतं. तरीही शंकराचार्य बौद्ध होते असं आज कुणी गंभीरपणे म्हणत नाही. का? कारण ते आपलं म्हणणं श्रुतीच्या न्यायासनासमोर मांडतात. ब्रह्मसूत्रावर भाष्य करतात, उपनिषदांच्या वाक्याला वाक्य लावून दाखवतात, आणि चूक ठरायचे असतील तर तिथेच चूक ठरतील. माणूस कुणाला उत्तर द्यायला बांधील आहे, यावरून तो कुठल्या परंपरेतला हे कळतं.

हीच कसोटी झोगचेनला लावू. अकराव्या शतकात टीका सुरू झाली तेव्हा रोङझोम्पा या पंडिताने झोगचेनचं समर्थन लिहिलं ते महायानात प्रवेश करण्याच्या ग्रंथाच्या रूपात. भास, माया, शून्यता हीच त्याची हत्यारं. चौदाव्या शतकातला लोङछेन्पा (1308–1364) हा झोगचेनचा सर्वांत मोठा व्यवस्थाकार. तो आधी संगफू विहारात शिकला, जिथे धर्मकीर्तीचं प्रमाणशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, आणि मध्यमक, म्हणजे नागार्जुनाचं शून्यतेचं तत्त्वज्ञान, यांचा कसून अभ्यास होई. त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय की 'आहे' आणि 'नाही' या टोकांपासून मुक्त असण्याच्या बाबतीत झोगचेनची विचारपद्धती बहुतांशी मध्यमकाच्या प्रासंगिक या शाखेसारखी आहे. झोगचेनमध्ये मूळ शुद्धी म्हणतात ती शून्यताच. कुठलं तरी शिल्लक राहिलेलं सारद्रव्य नव्हे. रिग्पाला पकडून 'हा मी' म्हणणं ही झोगचेनच्याच दृष्टीने पहिली चूक आहे, आणि गुरू शिष्याला तिच्यापासूनच सर्वाधिक जपतो. मग 'सर्व काही मीच निर्माण केलं' म्हणणारा तो आवाज कुणाचा? लोङछेन्पाच्या परंपरेत तो कर्त्या ईश्वराचा आवाज म्हणून वाचला जात नाही. भास चित्ताच्या स्वरूपातच उमटतात हे तिथे काव्याच्या भाषेत सांगितलेलं असतं, आणि ते स्वरूप शोधू गेलं तर काहीच सापडत नाही, ही अट त्याच्या जोडीला कायम असते. एकोणिसाव्या शतकात मिफम (1846–1912) या ञिङमा पंडिताने हेच काम तर्काच्या अंगाने पुन्हा केलं. तिबेटात बौद्ध मताची ओळख म्हणून चार मुद्रा सांगतात: संस्कृत (घडलेलं) ते सर्व अनित्य, सास्रव (क्लेशांनी मळलेलं) ते सर्व दुःख, सर्व धर्म (वस्तुमात्र) अनात्म, निर्वाण शांत. यांपैकी एकही झोगचेनचे आचार्य नाकारत नाहीत. वेदान्ती मात्र तिसरीपाशी थांबेल, त्याला थांबावंच लागेल.

सगळं मुळात परिपूर्ण असेल तर मार्ग कशाला, शील कशाला, या प्रश्नात सत्याचा अंश आहे आणि येशे-ओचा संतापही बहुधा त्यातूनच आला होता. 'सगळं शुद्धच आहे' असं म्हणत वाटेल ते करणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. गुरूच्या आसनावर बसूनही आहेत. पण परंपरेने स्वतः काय केलं ते पाहा. पद्मसंभवांच्या नावे एक वचन सांगितलं जातं: दृष्टी आकाशाहून उंच असली तरी कर्मफळाविषयीची काळजी जवाच्या पिठाहून बारीक हवी. लोङछेन ञिङथिग या झोगचेन-परंपरेची साधना सुरू करणाऱ्याला आधी पूर्वतयारी करावी लागते. मानवी जन्माचं दुर्मीळपण, अनित्यता, कर्म आणि संसारदुःख यांचं चिंतन. मग त्रिशरण, बोधिचित्त, वज्रसत्त्वाचा शताक्षरी मंत्र, मंडल, गुरुयोग (गुरूशी चित्त एकरूप करण्याची साधना), आणि दंडवतांसह यांतल्या साधना एकेक लाख. झोगचेनच्या थोर आचार्यांपैकी एक, पत्रुल रिनपोछे (1808–1887), पूर्व तिबेटच्या खाम प्रांतात भटक्या साधूसारखे हिंडले आणि जिथे गेले तिथे बोधिसत्त्वाचं आचरण सांगणारा शांतिदेवाचा 'बोधिचर्यावतार' शिकवत राहिले. ज्याला मार्ग निरर्थक वाटतो तो माणूस आयुष्यभर शांतिदेव शिकवील का?

आणि एका क्षणात ओळख करून देणं हे बौद्ध धर्माला परकं आहे, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या सोपाऱ्याच्या बाहियाची गोष्ट आठवावी. सुप्पारक म्हणजे आजचं नालासोपारा, जिथे पुढे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. तिथला हा वल्कलधारी तापस थेट श्रावस्तीला पोचला आणि भिक्षेला निघालेल्या बुद्धाला रस्त्यातच अडवून उपदेश मागू लागला. ही वेळ नव्हे असं बुद्धाने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर उपदेश केला: दिसण्यात फक्त दिसणं असू दे, ऐकण्यात फक्त ऐकणं. बाहिया तिथेच मुक्त झाला. ना प्रव्रज्या, ना वर्षानुवर्षांची साधना. या कथेने झोगचेन सिद्ध होत नाही. पण उपदेशाचा तो प्रकार पाली उदानात बसू शकतो, तर तिबेटात परका कसा ठरतो?

आता तिसऱ्या पक्षाकडे वळतो, ज्याला झोगचेन धर्मांच्या पलीकडचं वाटतं. यांचा आधारही कमी नाही. नेपल्सच्या विद्यापीठात शिकवणारे आणि 1981 मध्ये इटलीत मेरिगार केंद्र उभं करणारे नामखाई नोर्बू (1938–2018) हे अस्सल परंपरेतले गुरू, आणि झोगचेन हा कुठल्या संप्रदायाचा मक्ता नाही असं ते आवर्जून सांगत. पण त्यांच्याकडे शिकणाऱ्यांनी गुरुयोग सोडला नाही. आपल्याकडे हे चित्र ओळखीचं आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर गोएंका गुरुजींची विपश्यना सर्व धर्मीयांसाठी सार्वजनीन विद्या म्हणून शिकवली जाते, आणि तिथलं शिबिर सुरू होतं त्रिशरण आणि पंचशीलाने, संपतं मैत्रीभावनेने. सार्वजनीन असणं आणि एका परंपरेचं असणं यांत विरोध नाही. विरोध येतो तो सांगाडा फेकून फक्त 'जाणिवेची झलक' विकायला काढली की. मग बोधिचित्त जातं, शील जातं, परंपरेला जबाबदार असणारा गुरूही जातो. जी परंपरा 'ओळख चुकली असेल तर तपासायचं कसं' हे शतकानुशतकं शिकवत आली, तिचं तपासणीचं साधनच हरवतं. माझ्या दृष्टीने झोगचेनवरचं हे संकट वेदान्ताशी असलेल्या साम्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

राहिला बोन धर्म, स्वतःला बौद्ध धर्माहून वेगळी आणि जुनी मानणारी तिबेटी परंपरा. माझ्या मांडणीला खरी अडचण इथे येते, आणि ती मला टाळायची नाही. बोनपरंपरेचं स्वतःचं झोगचेन आहे, पश्चिम तिबेटातल्या प्राचीन झाङझुङ राज्यातून आलेलं मानलं जाणारं, तोन्पा शेनरब या स्वतःच्या बुद्धापासून मोजलं जाणारं. शर्जा ताशी ग्यल्छेन (1859–1934) यांच्यासारखे सिद्ध त्यात झाले. तेव्हा झोगचेन हे फक्त शाक्यमुनींच्या अनुयायांचं आहे असं मी म्हणू शकत नाही, म्हणतही नाही. पण हिमाचलातल्या दोलांजीच्या मेनरी विहारात बोन भिक्षू काय शिकतात? प्रमाणशास्त्र, मध्यमक, बोधिसत्त्वांच्या पारमिता; आणि शेवटी गेशे ही विद्वानाची पदवी घेतात. चौदाव्या दलाई लामांनी बोनला तिबेटची पाचवी परंपरा म्हणून मान दिला तो उगाच नव्हे. बोनमधलं झोगचेनही शून्यता आणि करुणा यांच्याच चौकटीत उभं आहे. एका घरात दोन चुली असल्या म्हणून घर दुसऱ्याचं होत नाही.

या वादात मी इतका का गुंतलो? 'खरा बौद्ध धर्म कोणता' हा दाखला मागण्याची सवय तिबेटापुरती राहत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली, आणि काही काळातच पारंपरिक वर्तुळांतून आक्षेप आला की चार आर्यसत्यांवर, कर्म-पुनर्जन्माच्या रूढ कल्पनेवर प्रश्न उभे करणारा हा धम्म बुद्धाचा नाही, आंबेडकरांचा आहे. नवयान आणि झोगचेन यांच्यात आशयाचं अंतर प्रचंड आहे. बाबासाहेबांना तंत्रमार्गाविषयी आस्था असण्याचं कारणही नव्हतं. पण दोघांना बाहेर काढणारी फूटपट्टी एकच आहे. नवयानाची बाजू घेताना आपण म्हणतो की बुद्धाशी वाद घालत, त्याच्या वचनांना बुद्धीची कसोटी लावत, त्याला शरण जाणारा माणूस बौद्ध असतो. तेच म्हणणं रोङझोम्पा आणि लोङछेन्पा यांच्याबाबतीत नाकारायचं असेल, तर त्यासाठी वेगळं कारण द्यावं लागेल, आणि ते कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.